पावसाळ्यात सायकल आणि कोरडी बॅग : तुमचे अनुभव सांगा

भाट्येकर

मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. भाट्याहून पूल ओलांडून रोज सायकलने जाते. पावसाळ्यातही जाते, फक्त पुलावर वारा उभं राहू देत नाही त्या दिवशी रिक्षा.

गेल्या जुलैत आठवीचे 42 पेपर तपासायला घरी आणत होते. पाठीवर सॅक, सॅकवर पावसाळी कव्हर, म्हणजे मी निर्धास्त. घरी येऊन उघडते तर जेल पेनच्या शाईचे निळे ढग. कव्हर बाहेरून झाकतं, पण पाठीला टेकते ती बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांमधून आणि पाठीच्या गादीतून आत झिरपलं होतं. पेपर रात्रभर पंख्याखाली वाळवले. दुसऱ्या दिवशी वर्गात एकेक वर धरून विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" एका पेपरवर तिघांनी हक्क सांगितला, कारण तो सगळ्यात जास्त भरलेला होता.

यंदा नीट बॅग घ्यायची आहे. पाठीवरची घेऊ की कॅरिअरला लावायची? 'वॉटरप्रूफ' तर सगळ्यांवरच लिहिलेलं असतं. कोकणातल्या पावसात खरंच वापरलेल्यांनी लिहा. पुण्यातल्या पावसाचे अनुभव नकोत, राग मानू नका.

वाशिष्ठी

चिपळूण. पाठीवरची अजिबात नको. पाऊस पडो न पडो, घामाने पाठ भिजतेच. वजन कॅरिअरवर गेलं की चढावर फरक कळतो.

आता 'वॉटरप्रूफ'बद्दल. कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणीची प्रत्येक सुई म्हणजे एक भोक. म्हणून शिवलेली बॅग आतून टेप लावलेली हवी, किंवा मग न शिवता उष्णतेने जोडलेली. चेन असेल तर पाणी शिरायची पहिली जागा तीच. तोंड गुंडाळून दोन बाजूंना बकल लावायचं, ती पद्धत सगळ्यात भरवशाची, पण तीन-चार घड्या बसायला हव्यात. लोक बॅग गच्च भरतात, एकच घडी घालतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

बॅगेवर छापलेले पाणी रोखण्याच्या क्षमतेचे आकडे बघायचे असतील तर आयपीएक्स 4 म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे, 6 म्हणजे जोराचा फवारा, 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. ऑर्टलीब ही जर्मन कंपनी 1982 पासून या बॅगा करते, पण त्यांच्या गुंडाळायच्या पॅनिअरलाही (कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग) आयपी 64 च आहे, यातला 6 धुळीचा आणि 4 पाण्याचा. म्हणजे बुडवायची हमी तेसुद्धा देत नाहीत. आणि आमच्याकडे 2021 च्या जुलैत आलं तसं पाणी आलं तर बॅगेचा विचार करू नका, सायकलही सोडा आणि वर चढा.

दुकानात बॅग घेतली की घरी एक करा. आत हवा भरून तोंड गुंडाळा, तोंड वर धरून बाकीची बॅग हौदात दाबा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं. बुडबुडे आले की परत करायला जा, पावती ठेवलेली असू द्या.

सड्यावरचा

सगळे वरच्या पावसाबद्दल बोलतायत. अहो, अर्धं पाणी खालून येतं! मागचं चाक जांभ्याच्या लाल पाण्याचा सरळ फवारा मारतं. माझी पहिली पॅनिअर वरून कोरडी होती आणि तळाशी ओली. तळाची शिवण रोज तेवढाच मारा खात होती. लांब मडगार्ड लावलं, त्याच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा स्क्रूने अडकवला. बॅग तीच, गळणं बंद. आधी मडगार्ड, मग बॅग. आणि रंग पांढरा घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात वीट होते.

कुडाळ_सायकल

कॅरिअर आधी मोजा! मी भारीतली परदेशी बॅग ऑनलाइन मागवली आणि माझ्या साध्या सायकलच्या कॅरिअरवर हुक बसेचना. ऑर्टलीबच्या क्यूएल 2.1 हुकांत 16 मिलिमीटरपर्यंतची नळी मावते, बारीक नळीसाठी आत घालायचे तुकडे मिळतात. पण आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या कॅरिअरला चपटी पट्टी असते, तिथे तो सगळा हिशेब चुकतो.

दुसरं, टाच. बॅग पुढे लागली तर प्रत्येक पायडलला टाच आपटते. सरकवून मागे घ्यायची सोय आहे का बघा. आणि खड्ड्यात हुक उडतो. माझी बॅग महामार्गावर एकदा मागे राहिली, तीनशे मीटर पुढे गेल्यावर सायकल एका बाजूला हलकी वाटली तेव्हा कळलं. डबा आत होता. भाजी कुठे आणि पोळी कुठे, पण एक थेंब बाहेर आला नाही. याला वॉटरप्रूफ म्हणतात.

शेवटी मी ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेलो. मापं दिली, त्याने ट्रकच्या ताडपत्रीची शिवून दिली, साडेचारशे रुपये. शिवणींवर आतून पंक्चरचं सोल्युशन दोनदा फिरवलं. दिसायला भयानक आहे. तिसरा पावसाळा चालू आहे.

मालवणचो आजो

आमच्या वेळाक असल्यो बॅगो खंय होत्यो? खताचा पोता धुवचा, आतली प्लास्टिकची पिशवी काढून त्यात वह्यो भरायच्यो, तोंड पिळून सुतळीन बांधायचा. वर पोता. तुमची घडी आणि बकल म्हणजे ताच!

वाशिष्ठी

आजोबा बरोबर बोलतायत. आतल्या पिशवीची सोय बाहेरच्या बॅगेपेक्षा महत्त्वाची. दहा लिटरची साधी ड्राय बॅग, म्हणजे तोंड गुंडाळायची पाणी न शिरणारी पिशवी, कुठल्याही पिशवीत घातली तरी काम होतं.

खाडीपलीकडे

धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने सायकल घेऊन जातो. माझा शत्रू मीठ आहे. बॅगेच्या चेनचा धातूचा सरकता तुकडा एका मोसमात गंजून अडकतो, मेणबत्ती घासून चार दिवस ढकलता येतं, पुढे नाही. प्लास्टिकची बकलंच घ्या. हुकांचे स्क्रूही बघा, ते स्टेनलेस नसले तर बॅग धडधाकट आणि हुक हातात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

नवलाई_देवगड

कोणी न लिहिलेली गोष्ट : बॅग पावसात मरत नाही, माळ्यावर मरते. गणपतीनंतर मी माझी बॅग पुसून, घडी घालून, तोंड बंद करून माळ्यावर टाकली. जूनमध्ये काढली तर आतून फणसाच्या चिकासारखी चिकट. एका बाजूचं अस्तर दुसऱ्याला चिकटलेलं, ओढलं तर खपल्या. वासही आंबूस.

नंतर कळलं की कापडावरचा स्वस्त पीयूचा (पॉलियुरेथेन) लेप दमट हवेत हळूहळू पाण्याशी क्रिया होऊन तुटतो. न वापरताही. आपल्या हवेत हे लवकर होतं. पीव्हीसीचा लेप जड असतो, पण या बाबतीत टिकाऊ. टीपीयू हे लवचिक प्लास्टिक हलकं आणि चांगलं, पण किंमत बघून मी परत माळ्याकडे बघितलं. आता बॅग उघडी, उलटी करून खुंटीला टांगते. त्यात पाल राहायला येते, पण ते चालवून घेते.

बुरशीसाठी उन्हात ठेवू नका तासन् तास, उन्हानेही लेप जातो. वारा पुरे. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या आत टाका.

सड्यावरचा

पालीसाठी मोरपीस ठेवा म्हणतात. माझ्याकडे पालीने त्याच्याच मागे अंडी घातली.

भाट्येकर

सगळ्यांचे आभार. कॅरिअर मोजलं, नळी 10 मिलिमीटर निघाली. गुंडाळायच्या तोंडाची एक पीव्हीसी पॅनिअर घेतली, लांब मडगार्ड लावलं. हौदात दाबली, आई विचारत होती मांजर बुडवतेस की काय. तळाच्या एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे आले. दुकानदार आधी "इतकं कोण बघतं" म्हणाला, मग बादली मागवून त्यानेच बघितलं आणि बदलून दिली.

काल पहिला धो धो दिवस. बाहेरून थेंब आत गेला नाही. तरी वह्या दमट! डोकं खाजवल्यावर लक्षात आलं : सकाळी शाळेत पोचल्यावर ओला रेनकोट मीच घडी करून आत ठेवला होता. बॅगेने तेही पाणी दिवसभर इमानदारीने सांभाळलं. आता ओला रेनकोट ठेवायचा कुठे?

मालवणचो आजो

भायर बांद गो बाय. तो भिजाकच घेतलंस मां?