निलगिरीच्या पानांचा वाफारा: किती पानं, आणि घरात लहान बाळ असेल तर?

सानपाडा_सई: सोसायटीच्या कुंपणाला निलगिरीची दोन झाडं आहेत. सर्दीत त्या पानांचा वाफारा कसा घ्यायचा? काढा करून प्यायला चालतो का? घरात 14 महिन्यांचं बाळ आहे, सासूबाईंना दमा आहे.

येऊरची_झाडं: आधी पान चुरगाळून हुंगा. लिंबासारखा वास आला तर ती लिंबू-निलगिरी, वाफाऱ्याला विशेष कामाची नाही. थेट नाकात चढणारा थंड वास हवा, तो सिनिओलचा, म्हणजे निलगिरी तेलातल्या मुख्य घटकाचा.

जून, विळ्यासारखी वाकलेली 7-8 पानं घ्या. रस्त्याकडेच्या झाडांवर काजळी बसते, तेव्हा दोन्ही बाजूंनी चोळून धुवा आणि कात्रीने कापा. 1 लिटर पाणी उकळलं की गॅस बंद करून मग पानं टाका, 5 मिनिटं झाकून ठेवा. पानांसकट खळखळ उकळलंत तर तेल स्वयंपाकघरातच उडून जातं आणि पातेल्यात नुसतं तुरट पाणी उरतं. डोळे मिटून, पातेल्यापासून हातभर लांब, 5 ते 10 मिनिटं पुरे. पातेलं टेबलावरच ठेवा, मांडीवर किंवा पलंगावर नको. वाफाऱ्यात भाजण्याचे प्रकार बहुतेक वेळा पातेलं कलंडूनच होतात.

याने नाक मोकळं वाटतं, सर्दी बरी होत नाही. ताप 3 दिवसांपुढे गेला तर डॉक्टरांकडे जा.

औषधवाला_कोपरी: सईताई, बाळाला वाफारा नाही, उशीवर तेलाचे थेंब नाहीत, नाकाखाली बामही नाही. 2 वर्षांखालच्या मुलांचा श्वास त्या उग्र वासाने अडकू शकतो. सासूबाईंना साधी वाफ द्या. दम्यात काहींना या वासानेच धाप लागते. काढा कुणीच पिऊ नये, पानातून तेल किती उतरलं याचा अंदाज येत नाही.

सानपाडा_सई: आणि बाटलीतलं तेल?

औषधवाला_कोपरी: मोठ्यांच्या छातीला चोळायचं तर 1 चमचा (5 मिली) खोबरेल तेलात 2 थेंब, निव्वळ कधीच नाही. पोटात गेलेलं 1 चमचा तेलही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं: आधी तोंडाची आग, उलटी, मग गुंगी, झटके. असं झालं तर ओकारी काढू नका, तेल फुफ्फुसात जातं. 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या. आणि ती बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका, रात्रीच्या अंधारात चमच्यात तेच ओतलं जातं.