बिनमाशांची प्रवाळ टाकी: आता एखादा मासा सोडावा का?

निळीखाडी:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 90 लिटरची प्रवाळांची टाकी आहे. 14 महिने झाले, तिच्यात एकही मासा नाही आणि ते मी मुद्दाम केलंय. आधीच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी होती. आणली आणि थेट सोडली. पाचव्या दिवशी परांवर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसले, नवव्या दिवशी दोन्ही गेले. त्या रोगावरचं औषध तांब्याचं. ते प्रवाळांच्या टाकीत घातलं तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी, सगळंच संपतं. ते दोन जीव कल्ले फडफडवत एका कोपऱ्यात थांबले होते आणि मी बघत होते. तेव्हाच ठरवलं, यापुढे फक्त प्रवाळ.

आणि अशा टाकीत बघायला काही नसतं असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. रात्री दिवे गेले की मी लाल टॉर्च घेऊन बसते. काचेवर सुईच्या टोकाएवढे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, झटके देत सरकत असतात. दगडाच्या फटीतून ब्रिटल स्टारचा (तारामाशासारखा लांब हातांचा जीव) एकच हात बाहेर येतो आणि वाळू चाचपत राहतो. खाणारं कुणी नाही, म्हणून ही सगळी मंडळी निर्धास्त वाढली आहेत.

आता अडचण सांगते. दोन महिन्यांपासून माझा हॅमर प्रवाळ फिका पडत चाललाय. त्याच्या बोटांची हिरवी टोकं ताकासारखी झाली आहेत, आणि फुलतो तेही पूर्वीच्या निम्माच. झोआ (छोट्या फुलांसारखे प्रवाळ) अर्धवट उघडतात. मॉन्टीपोरा या कडक प्रवाळाच्या कडेला वाढीची पांढरी रेघ असायची, ती आता दिसत नाही. पाण्याच्या चाचण्या अशा: सॅलिनिटी (खारेपणा) 35, तापमान 25.5, अल्कलिनिटी 8.5, कॅल्शियम 420. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. काचेवर शेवाळसुद्धा धरत नाही.

ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, "मासा सोड, त्याच्या विष्ठेवर प्रवाळ पोसतात." यात तथ्य किती? आणि दुसरा काही मार्ग आहे का?

भरतीओहोटी:

तथ्य आहे, फक्त विष्ठेपुरतं नाही. माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात जातो आणि प्रवाळ तो लगेच उचलतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि प्रवाळाला देतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण नुसत्या साखरेवर अंग वाढत नाही, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच.

याचा एक सुंदर अभ्यास आहे. 1983 साली मायर, शुल्ट्झ आणि हेल्फमन या तिघांनी तो 'सायन्स'मध्ये छापला. कॅरिबियन समुद्रातले ग्रंट जातीचे छोटे मासे रात्री सागरी गवतात चरतात आणि दिवसभर प्रवाळांवर थवा करून विसावतात. ज्या प्रवाळांवर असे थवे राहायचे, ते बिनमाशांच्या प्रवाळांपेक्षा जास्त वेगाने वाढत होते. चरायचं गवतात आणि खत घालायचं प्रवाळाला!

त्यामुळे माझं मत, मासा असावा.

शंखशिंपला:

थोडं थांबा. ग्रंट बाहेर चरून येतात, म्हणून ते प्रवाळाकडे बाहेरचा नायट्रोजन आणतात. टाकीतला मासा कुठून आणणार? तुम्ही त्याला जे घालाल तेच तो दिवसभर थोडंथोडं करून पाण्यात सोडणार. म्हणजे मूळ प्रश्न माशाचा नाही, टाकीत अन्न किती जातंय आणि बाहेर किती काढलं जातंय याचा आहे.

ताई, दोन गोष्टी सांगा. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं यंत्र) चोवीस तास चालू आहे का? आणि फॉस्फेट शोषणारं मीडिया लावलंय का?

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य असणं ही स्वच्छता नव्हे, उपासमार आहे. त्यातच डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे उपद्रवी सूक्ष्मजीव) येतात. वाळूवर तपकिरी शेंबडासारखे तंतू आणि त्यांत अडकलेले बुडबुडे दिसले तर समजा आलेच. ते एकदा बसले की काढताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून आत्ताच हालचाल करा.

निळीखाडी:

स्किमर दिवसरात्र चालू असतो. आणि हो, मीडिया आहे. सुरुवातीला केसाळ शेवाळ माजलं होतं तेव्हा लावलं, दर महिन्याला नवीन भरते. खायला आठवड्यातून एकदा हॅमरला पिपेटने मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) देते, त्यातलंही निम्मं कोळंबी पळवते.

शंखशिंपला:

मग उत्तर मिळालं! ज्या घरात स्वयंपाक आठवड्यातून एकदा होतो तिथे तुम्ही रोज भांडी घासताय. मीडिया काढून टाका. स्किमर फक्त रात्री चालवा. हॅमरला आठवड्यातून तीनदा द्या, आणि आधी कोळंबीला तिचा घास द्या, म्हणजे ती गुंतून राहील. बाकी प्रवाळांसाठी दिवे गेल्यावर बारीक पूड स्वरूपातलं अन्न चिमूटभर. तरीही नायट्रेट हललं नाही तर सोडियम नायट्रेटचं द्रावण थेंबाथेंबाने देता येतं. घाई मात्र करू नका. नायट्रेट 5 च्या आसपास आणि फॉस्फेट 0.05 च्या आसपास आलं की पुरे. आणि हे होईपर्यंत दिव्यांची तीव्रता थोडी उतरवा. उपाशी प्रवाळावर कडक प्रकाश म्हणजे दुहेरी मार.

खत म्हणून मासा आणू नका, एवढंच माझं म्हणणं. मासा हवा असेल तर माशासाठी आणा.

काचेपलीकडे:

वरच्याशी सहमत. पण पुढेमागे मासा आणायचा झालाच, तर आधीच्या वेळी काय चुकलं ते लक्षात घ्या. तो ठिपक्यांचा रोग म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. त्याच्या गाठी दगडावर, वाळूवर, अगदी गोगलगायीच्या शंखावरही बसतात. टाकी 76 दिवस बिनमाशांची ठेवली की परजीवी उपासमारीने संपतो असं आपण धरून चालतो. तुमचे 14 महिने झालेत. मात्र मधल्या काळात माशांच्या टाकीतला एखादा प्रवाळ आणला असेल तर ते दिवस तिथून मोजायचे.

वेगळी छोटी टाकी मांडा. वाळू नको, दगड नको, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, आणि आपल्या मुख्य टाकीत महिनाभर ठेवून मुरवलेला स्पंज फिल्टर. जाळी, पिपेट, बादली सगळं वेगळं. मासा तिथे निदान 30 दिवस राहू दे. औषध लागलंच तर तिथे तांबं देता येतं, मागच्यासारखं हातावर हात ठेवून बसावं लागत नाही.

90 लिटरला मी क्लाऊन सुचवणार नाही. तुमच्याकडे हॅमर आहे, आणि क्लाऊनचं नेहमीचं घर म्हणजे ॲनिमोन (समुद्रफूल), ते नसलं की तो बहुधा हॅमरलाच घर मानतो. दिवसभर अंग घासून त्याला मिटायला लावतो. निऑन गोबी हा छोटा मासा बघा. जेमतेम 5 सेंटिमीटर, प्रवाळांना तोंड लावत नाही, आणि टाकीत पैदास केलेला मिळतो. तुमचे थोडे कोपेपॉड खाईल, ते मान्य करावं लागेल. वर जाळीचं झाकण हवंच, गोबी उड्या मारतात.

निळीखाडी:

सात आठवड्यांनी लिहितेय. मीडिया काढलं, स्किमर फक्त रात्री. काल नायट्रेट 4, फॉस्फेट 0.05. काच आता चार दिवसांनी पुसावी लागते, पहिल्यांदा ती हिरवी झाक दिसली तेव्हा आनंदच झाला. हॅमरचा रंग बुंध्याकडून परत येतोय. टोकं अजून फिकी आहेत, पण बोटं लांब झालीत आणि मायसिस लागल्याबरोबर आवळून घेतो. मॉन्टीपोराला एका बाजूने रेघ आली आहे.

म्हणजे हे सगळं माशाविना झालं. तरी एक निऑन गोबी आणलाय, कारण मला तो हवा होता. बाजूच्या टाकीत त्याचा आज 19 वा दिवस. पाइपच्या तोंडाशी दोन्ही पुढच्या परांवर टेकून बसतो आणि मी जवळ गेले की डोळे माझ्याकडे वळवतो. रोज टॉर्च लावून त्याचे पर एकेक करून तपासते. अजून ठिपका नाही. खोकी वगैरे हलवताना त्याला दणका बसू नये म्हणून टाकी खोलीच्या कोपऱ्यात सरकवली आहे. हॅमरचे आधीचे आणि आत्ताचे फोटो रात्री टाकते.