इंटर्नल बंद करून राज्यशास्त्राचा पेपर सुधारणार नाही

(ग्रुपवरचा चर्चेचा धागा. प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उत्तरपत्रिका

गेल्या आठवड्यापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरते आहे. म्हणणं असं: बी.ए. राज्यशास्त्रात इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजनेच द्यायचे, मार्क खिरापतीसारखे वाटले जातात, तेव्हा इंटर्नल रद्द करा, सेमिस्टर मोडा, वर्षाअखेरीचा मोठा लेखी पेपर परत आणा, गुणवत्ता आपोआप येईल. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याचा संताप आला म्हणून हे लिहितोय.

लेखी पेपर तपासला कसा जातो, याबद्दल त्या पोस्टमध्ये एक ओळ नाही. एक प्रश्न घेऊ: '७३ व्या घटनादुरुस्तीमुळे महाराष्ट्रातील पंचायत राज व्यवस्थेत झालेले बदल स्पष्ट करा', मार्क १५. एक विद्यार्थी सहा पानं भरतो. बलवंतराय मेहता समिती १९५७, वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२, त्रिस्तरीय रचना, सरपंचाचे अधिकार, ग्रामपंचायतीची कामं. सगळं खरं, पण विचारलेलं त्यात जवळजवळ काहीच नाही. दुसरी विद्यार्थिनी अडीच पानं लिहिते. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आधीच होत्या, महिलांना ३० टक्के आरक्षणही १९९० पासून होतं. मग दुरुस्तीने इथे नवीन काय आणलं, तर राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, पाच वर्षांच्या मुदतीचं अनुच्छेद २४३-ई चं बंधन आणि ग्रामसभेला घटनेत जागा. पुढे २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक का बसले, विकास गवळी खटल्यातल्या २०२१ च्या निकालाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी (आयोग, आकडेवारी, एकूण ५० टक्क्यांची मर्यादा) कशी लागू झाली, इथपर्यंत ती येते.

कॅपवर, म्हणजे केंद्रीय तपासणीत, पहिल्याला १० पडतात, दुसरीला ८. पानं भरली की मार्क पडतात आणि गाईडमध्ये नसलेला खटला दिसला की परीक्षक थबकतो. पेपर सेटरने दिलेल्या उत्तर-रूपरेषेत फक्त '७३ वी घटनादुरुस्ती, १५' एवढंच असतं. तिथे 'आधीची स्थिती ३, तरतुदी ४, त्यामुळे महाराष्ट्रात काय बदललं ५, अंमलबजावणीतल्या अडचणी ३' असं लिहिलं असतं तर पहिला ५ वर थांबला असता आणि दुसरी १२-१३ पर्यंत गेली असती.

तेव्हा ७०:३० (लेखी ७०, इंटर्नल ३०) की ६०:४० की शंभरचा एकच, हा वाद बाजूला ठेवा. अशी विभागणी, म्हणजे मार्किंग स्कीम, नसलेला शंभरचा पेपर म्हणजे तीच चूक आणखी मोठ्या मार्कांवर.

जुना पॅटर्न

ती पोस्ट माझी नाही, पण मी तिच्या बाजूचा आहे. हिशेब करून दाखवतो. ७०:३० मध्ये एका कॉलेजात सरसकट ३० पैकी २८ देतात. तिथल्या मुलाला लेखीत ३२, एकूण ६०. शेजारच्या कॉलेजात ट्यूटोरियल खरंच वाचून मार्क देतात, तिथल्या मुलीला इंटर्नल १५ आणि लेखी ४४, एकूण ५९. लेखीत १२ मार्कांनी पुढे असलेली मुलगी एकूणात मागे पडली. हा अन्याय तुमची स्कीम कसा दूर करणार?

लेखीत निदान बैठक क्रमांक झाकलेला असतो, बारकोड असतो, परीक्षक दुसऱ्या कॉलेजचा असतो. फोटोकॉपी मागता येते, रिव्हॅल करता येतं. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला माहिती अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलंय. इंटर्नलच्या २८ वर दाद कुठे मागायची?

सीएचबी

सरसकट २८ का पडतात ते कुणीच बोलत नाही. शिक्षक आळशी असतात म्हणून नव्हे.

पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचं काम लागतं, म्हणजे ४८ मिनिटांच्या २० तासिका. राज्यशास्त्र घेणारी मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की वर्कलोड जातो, वर्कलोड गेला की पद जातं. मुलं विषय निवडतात सिनिअर्सना विचारून, आणि सिनिअर्स पहिली गोष्ट सांगतात ती 'तिथे इंटर्नल चांगलं देतात'. ज्या विभागाने १५ दिले त्याची मुलं पुढच्या वर्षी इतिहास किंवा भूगोलाकडे गेली. हे दुष्टचक्र आहे आणि ते प्रत्येक प्राचार्याला माहीत आहे.

त्यात तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी, शिक्षक. आठवड्याला कमाल ९ तासिका एका ठिकाणी, पोट भरायला दोन-तीन कॉलेजं. पैसे तासिकेचे मिळतात. १२० मुलांच्या असाइनमेंट वाचण्याचे वेगळे मिळत नाहीत. एक असाइनमेंट १० मिनिटं धरली तरी २० तास झाले, तेही एका पेपरचे. हे २० तास कोण देणार?

मेजर-मायनर

सीएचबी यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. दुखणं क्रेडिटच्या चौकटीत आहे, मार्कांच्या प्रमाणावर भांडणं व्यर्थ.

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातली चौकट पहा. पहिल्या सत्रात २२ क्रेडिट, त्यात मेजर, म्हणजे मुख्य विषय, फक्त ६. उरलेले १६ ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे पेपर), भाषा, व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली) आणि सहशालेय उपक्रम यांत दोन-दोन, चार-चार करून वाटलेले. तिसऱ्या सत्रात मेजर ८. पाचव्या-सहाव्यात कुठे १४ वर जातं. तीन वर्षांचे १३२ क्रेडिट, त्यात मेजरचे ५६, म्हणजे निम्म्याहून कमी.

आता २ क्रेडिटच्या पेपरचं बघा. १ क्रेडिटला १५ तास, म्हणजे ३० तासांत पेपर संपवायचा. पाश्चात्त्य राजकीय विचारात प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, रूसो एवढे सहा जरी ठेवले तरी विचारवंताला ५ तास येतात, आणि त्यातच इंटर्नलची चाचणी, सुट्ट्या, उशिरा झालेले प्रवेश. प्रत्यक्षात साडेतीन तास हातात राहतात. साडेतीन तासांत हॉब्जची निसर्गावस्था, करार, सार्वभौम सत्ता आणि लॉकशी तुलना होत नाही. मग शिक्षक 'हॉब्जच्या कराराची पाच वैशिष्ट्ये' सांगतो, मुलं तीच लिहितात आणि आपण इथे मार्किंग स्कीमवर चर्चा करतो.

पुणे विद्यापीठाच्या जुन्या पॅटर्नमध्ये स्पेशलवाल्याला सात पेपर होते, जनरलचे जी-१ ते जी-३ आणि स्पेशलचे एस-१ ते एस-४, पण एक पेपर वर्षभर चालायचा. वर्षभर मिळतं तेव्हा हॉब्ज दोनदा येतो: एकदा शिकवताना, एकदा लॉक शिकवताना.

जुना पॅटर्न

म्हणजे सेमिस्टर मोडा, हेच तुम्हीही म्हणताय!

मेजर-मायनर

नाही. दोन क्रेडिटचे तुकडे मोडा, असं म्हणतोय. ४ क्रेडिट, ६० तास, एकाच शिक्षकाकडे. सेमिस्टरला माझा विरोध नाही.

उत्तरपत्रिका

धागा मूल्यांकनाचा आहे. क्रेडिटची चौकट विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाच्या हातातही पूर्णपणे नाही, ती शासन निर्णयाने येते. मार्किंग स्कीम मात्र उद्या सकाळी लिहिता येते, त्याला ना जीआर लागतो ना पैसा. जे हातात आहे ते सोडून जे हातात नाही त्यावर किती पोस्टी टाकायच्या?

मेजर-मायनर

जे शिकवलंच गेलं नाही ते नीट तपासण्याचा आग्रह तुम्ही धरताय. ३० तासांचा पेपर शिकवून बघा, मग 'हातात आहे' म्हणा.

सीएचबी

आणि 'ना पैसा' हे कुणी ठरवलं? स्कीम लिहायला प्रश्नपत्रिकेच्या तीन संचांचे मिळून पंधरा-सोळा मोठे प्रश्न, प्रत्येकाची विभागणी, वैकल्पिक उत्तरं. ते दोन दिवसांचं काम आहे. पेपर सेटिंगचं मानधन बघून बोला.

विचार-प्रवाह

मला स्कीमच नको आहे आणि त्याचं कारण पैसा नाही. राज्यशास्त्र म्हणजे रसायनशास्त्र नव्हे. 'भारतीय संघराज्य खऱ्या अर्थाने संघराज्य आहे का?' या प्रश्नाला तुम्ही ३-४-५-३ अशी विभागणी दिलीत की पुढच्या वर्षी क्लासवाले ती छापणार. सर्वांच्या उत्तरपत्रिकेत तीच चार उपशीर्षकं: एकल नागरिकत्व, राज्यपाल, अनुच्छेद ३५६ (राष्ट्रपती राजवट), अखिल भारतीय सेवा. ज्याने एस. आर. बोम्मई खटल्यानंतर ३५६ चा वापर कसा आकसला हे मांडून उलट बाजू घेतली, त्याचं उत्तर कुठल्याच कप्प्यात बसणार नाही. स्कीम साधारण उत्तराला वर उचलते आणि चांगल्याला खाली ओढते. परीक्षकाचा विवेक काढून घ्याल तर मग यंत्रालाच तपासायला लावा.

उत्तरपत्रिका

विवेक चालायला वेळ लागतो. ४० उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सहा तासांत संपवायचा तर एका उत्तरपत्रिकेला ९ मिनिटं. पाच प्रश्न धरले तर प्रश्नाला पावणेदोन मिनिटं, त्यातच बेरीज आणि मुखपृष्ठावर मार्क चढवणं. पावणेदोन मिनिटांत सहा पानं वाचून होत नाहीत, उपशीर्षकं आणि अधोरेखित शब्द बघितले जातात. तुम्ही ज्याला विवेक म्हणताय तो त्या वेळी अक्षर आणि पानसंख्या मोजत असतो.

तुमचा आक्षेप मुद्द्यांच्या स्कीमला लागू आहे, तेवढा मी मानतो. मतप्रदर्शनाच्या प्रश्नाला मुद्द्यांऐवजी पातळ्या द्या. फक्त तरतुदींची यादी: ६ पर्यंत. तरतूद अधिक उदाहरण: ९ पर्यंत. एक बाजू घेऊन विरुद्ध बाजूला उत्तर दिलंय: १० च्या वर. तुमचा बोम्मईवाला विद्यार्थी तिसऱ्या पातळीत सरळ जातो, त्याची बाजू कुठलीही असो.

आणि गठ्ठे वाटण्याआधी तासभर द्या. एकाच उत्तरपत्रिकेच्या पाच फोटोकॉपी, सगळे परीक्षक वेगवेगळे तपासतील, मग मार्क फळ्यावर. १५ पैकी कुणी ६ आणि कुणी ११ दिलेत हे सगळ्यांसमोर आलं की बोलणं होतंच. मॉडरेटरने शेवटी थोड्या उत्तरपत्रिका चाळून सही करण्यापेक्षा हा एक तास जास्त उपयोगाचा.

जुना पॅटर्न

तास कुठून आणणार? २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा. उशीर झाला की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिलं. ऑनस्क्रीन मार्किंग घाईत आणलं, स्कॅनिंगपासून गोंधळ, निकाल महिनोन्‌महिने रखडले, कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या भीतीने आजही कॅप संचालकाचं लक्ष फक्त 'आज किती झाल्या' यावर असतं.

आयोग

तुम्ही सगळे विद्यापीठाच्या आतच फिरताय. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिकचे दोन प्रत्येकी २५०, एकूण १७५०, वर मुलाखत २७५. वैकल्पिकमध्ये राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध आहे. यूपीएससीत त्याच विषयात १० मार्कांना १५० शब्द अशी मर्यादा असते. बी.ए.त शब्दमर्यादा पाळली नाही तर काहीही होत नाही, म्हणून पदवीधर मुलगा १५० शब्दांत उत्तर बसवताना प्रस्तावनेतच ६० शब्द घालवतो. शब्दमर्यादा छापा आणि तिच्यापुढचं वाचू नका. परीक्षकाची पावणेदोन मिनिटंही पुरतील.

विचार-प्रवाह

पदवी आयोगाच्या तयारीसाठी नाही, हे वाक्य मी शंभर वेळा लिहीन. पण शब्दमर्यादेचा मुद्दा घेतो. सहा पानांची सवय त्यानेच तुटेल. पातळ्यांची स्कीम मतप्रदर्शनाच्या प्रश्नापुरती चालेल; वर्णनाच्या प्रश्नांना ३-४-५-३ लावायचं तर लावा, त्यावर मी भांडत नाही.

मेजर-मायनर

इंटर्नलही वाचवता येतं, पण असाइनमेंट नावाची गोष्ट आधी बंद करा. तिसऱ्या सत्रात फील्ड प्रोजेक्टचे २ क्रेडिट आहेत, म्हणजे ६० तास. मुलांना एका ग्रामसभेला बसवा. वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात, तारखा गावाला माहीत असतात. चार गोष्टी टिपायच्या: मतदारसंख्या आणि प्रत्यक्ष हजर किती, गणपूर्ती झाली का, म्हणजे १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती, झाली नसेल तर तहकूब सभा कधी घेतली, कारण तिला गणपूर्ती लागत नाही आणि बहुतेक ठराव तिथेच होतात, आणि कार्यवृत्तात लिहिलेले ठराव सभेत खरंच चर्चेला आले का. ही चार उत्तरं दुसऱ्या गावाच्या अहवालातून उतरवता येत नाहीत. तोंडी पाच मिनिटं विचारलं की मूल गेलं होतं की नाही ते कळतं.

जुना पॅटर्न

हे असं असेल तर इंटर्नलला माझा विरोध नाही. पण असं होत नाही, आणि होईपर्यंत माझं मत तेच: ३० चा भार १० वर आणा. स्कीम आणि फोटोकॉपीचा तास याला माझा पाठिंबा आहे, तो मी आधीच द्यायला हवा होता असं कुणी म्हणू नका, मूळ मुद्दा मी सोडलेला नाही.

सीएचबी

१० वर आणलं तर ते १० पैकी ९ देतील, गणित तेच राहील. १२० मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं तोंडी, म्हणजे १० तास. असाइनमेंटच्या निम्म्या वेळात काम होतं, हे मान्य. पण ते १० तास वेळापत्रकात दाखवा, वर्कलोडमध्ये धरा, तासिकेचे पैसे द्या. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीला कुणी जाणार असेल तर स्कीमच्या ठरावाबरोबर हाही ठराव मांडा. मसुदा मी लिहून देतो.