मदत हवी आहे: इम्प्लांटभोवती पू येतोय, आधी कॅप काढायची का हिरडी उघडायची?

मंडळी, लातूरहून विचारतोय. अण्णांच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात रोवलेलं कृत्रिम मूळ, त्यावर दाताची कॅप) बसवून तीनेक वर्षं झाली, आता तिथली हिरडी सुजतीय, ब्रश लागला की रक्त येतं अन् दाबलं की थोडा पू. दुखत नाही म्हणून ते मनावरच घेत नाहीत. इम्प्लांट हलत नाही. शुगर कंट्रोलमध्ये, तंबाखू-सिगारेट कधीच नाही, त्यामुळं ती दोन कारणं सोडूनच द्या. क्लिनिंग, क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक औषधाच्या) गुळण्या, अँटिबायोटिकचा कोर्स सगळं झालं, तेवढ्यापुरतं उतरतं न् परत तेच. नव्या एक्सरेत बाजूचं हाड कॅप बसवली तेव्हापेक्षा खाली गेलेलं दिसतंय, म्हणजे नुसती हिरडीची सूज नाही.

मला शंका कॅपची आहे. ती स्क्रूची नाही, सिमेंटनं चिकटवलेली, अन् बुडाशी इतकी फुगीर की इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा बारका ब्रश) आत जातच नाही. जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तरी असं होतं म्हणे, अन् ते एक्सरेत दरवेळी दिसंलच असं नाही. शिवाय गालाकडून घट्ट हिरडी जेमतेम एक मिलिमीटर.

संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजला न्यायची तयारी आहे, पण अण्णांना सारखा प्रवास झेपत नाही. तर पेरिओवाल्यांनी (हिरडीच्या डॉक्टरांनी) सांगा, आधी कॅप काढून सिमेंट बघायचं अन् आकार बदलून घ्यायचा, का थेट हिरडी उघडून साफ करायची, आणि घट्ट हिरडीची ग्राफ्टिंग (दुसरीकडची हिरडी तिथं लावणं) त्याच वेळी होते का?