तापवल्यावर दुधाळ, गारठवल्यावर नितळ

प्रथिन तापवलं की अंड्यातल्या पांढऱ्यासारखं कायमचं गोठतं, असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याच प्रथिनांबाबत ते बरोबर आहे, पण इलॅस्टिनसारख्या (इलॅस्टिन म्हणजे शरीरातल्या ऊतींना लवचीकपणा देणारं प्रथिन) पेप्टाइडचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीचं, वागणं उलटं. त्यांच्या साखळीत व्हॅलिन-प्रोलिन-ग्लायसिन-व्हॅलिन-ग्लायसिन हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. अशा पेप्टाइडचं पाण्यातलं द्रावण मी प्रयोगशाळेत हाताळलंय. बर्फातली नळी पाण्यासारखी नितळ. मुठीत धरली की बघताबघता दुधाळ. परत बर्फात ठेवली की पुन्हा नितळ. पहिल्यांदा पाहिलं तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे.

खरी किमया पाण्याची. थंडीत व्हॅलिनच्या पाणी टाळणाऱ्या भागांभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत बसलेले असतात. ऊब मिळाली की ते सुटतात आणि साखळ्या एकमेकींना बिलगून दाट थेंब बनवतात. प्रोलिन-ग्लायसिन त्यांना पक्की घडी घालू देत नाहीत, म्हणून तो थेंब कडक न होता लवचीक राहतो. शरीरातही ट्रोपोइलॅस्टिन, म्हणजे इलॅस्टिनचं सुटं, कच्चं रूप, ३७ अंशांना असंच गोळा होतं; मग लायसिल ऑक्सिडेज या विकरामुळे लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी साखळ्यांना गाठी बसतात, आणि तिथून मात्र परतीची वाट नाही. महाधमनीच्या भिंतीतलं इलॅस्टिन बहुतांशी लहानपणीच तयार होतं आणि तेच जन्मभर ताणलं जातं.