सहा जण, तुर्की-मेडिटेरेनियन जेवण, कॉलेज रोड : काय मागवावं, किती आणि कोणत्या क्रमाने?

कॅनडाकॉर्नरकर
येत्या रविवारी रात्री आम्ही सहा जण नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका तुर्की-मेडिटेरेनियन रेस्टॉरंटमध्ये जाणार आहोत. चौघं मांसाहारी, त्यात ९ आणि १२ वर्षांची दोन मुलं. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. नणंदेचा चातुर्मास आहे, त्यामुळे कांदा-लसूण बंद. मेन्यूत हमस, बाबा गनूश, मुतब्बल, मुहम्मरा, हायदारी, तबुले, फलाफल, डोल्मा, पिडे, अदाना, शिश तावूक, इस्केंदर, कुनेफे, बकलावा असं बरंच काही दिसतंय. एवढ्यातून सहा जणांना पुरेल आणि वाया जाणार नाही असं काय निवडावं? वेटरला नेमकं काय विचारावं?

रोटीआधीमेझे
सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. बहुतेक टेबलांचं जेवण तिथेच बिघडतं. डिप्स थंड असतात आणि पाच मिनिटांत येतात. कबाबला १५ ते २० मिनिटं लागतात. एकदम सांगितलं की कबाब येईपर्यंत सगळे ब्रेडवर पोट भरतात, नाहीतर डिप्स अर्धे असतानाच कबाब येऊन ताटात गार होतो. आधी मेझे (सुरुवातीच्या छोट्या डिशेस) सांगा, ते निम्मे संपत आले की ग्रिल सांगा.

सहा जणांना चार थंड मेझे, एक गरम मेझे आणि एक सॅलड भरपूर होतं. चार थंड निवडताना चारही चवी वेगळ्या असू द्या. हमस (चण्यांचा) आणि मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं) दोन्हीत ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट असते. दोन्ही घेतले की तिसऱ्या घासाला सगळं सारखंच लागतं. ताहिनीचा एक (हमस), दह्याचा एक (हायदारी किंवा लबने), लाल तिखट-आंबट एक (मुहम्मरा किंवा एझमे) आणि पालेभाजीचा आंबट एक (तबुले), असं घ्या. बाबा गनूश (हेही भाजलेल्या वांग्याचंच) हवंच असेल तर त्यात ताहिनी आहे का ते विचारा. शाम भागात (सीरिया-लेबनॉनकडे) ते बरेचदा ताहिनीशिवाय, टोमॅटो आणि डाळिंबाचा आंबट रस घालून करतात. आपल्याकडच्या मेन्यूत मात्र त्या नावाखाली मुतब्बलच येऊ शकतं.

टेबलावर आल्यावर काय बघायचं तेही सांगतो. हमस खोलीच्या तापमानाला, मऊ आणि सैल हवा. वर कोरडी साय धरली असेल किंवा चमचा उभा राहत असेल, तर तो थेट फ्रीजमधून आलाय. गार झाल्यावर चण्यातला स्टार्च आणि ताहिनी दोन्ही घट्ट होतात. जिभेला रवाळ लागला तर चणे पुरते शिजले नव्हते. मागे कडवटपणा राहिला तर ताहिनी जुनी आहे किंवा तीळ जास्त भाजले गेलेत. मुहम्मऱ्यात अक्रोड दाताखाली यायला हवा. तबुले हिरवंगार हवं, पार्स्ली मुख्य आणि बल्गर गहू नावापुरता. वाडग्यात दलियाच जास्त दिसला तर सरळ परत करा.

फलाफल भिजवलेल्या कच्च्या चण्यांचं करतात, उकडलेल्या नाही. उकडलेले चणे वाटले की मिश्रण पचपचीत होऊन तेलात फुटतं, मग ते आवळायला बेसन किंवा मैदा घालतात आणि फलाफल गच्च होतं. फोडून बघा: बाहेर गडद तपकिरी, आत कोथिंबीर-पार्स्लीचा हिरवा रंग आणि बारीक जाळी. "आत्ता तळून द्या" असं आवर्जून सांगा. आधी तळून ठेवलेलं दहा मिनिटांत चिवट होतं.

ब्रेडही तसाच. एकदम बारा मागवू नका, चार-चार करून गरम मागवा.

शाकाहारी_पंचवटी
कांदा-लसणाचं उत्तर टेबलावर मिळत नाही. आदल्या दिवशी फोन करा आणि शेफशी किंवा मॅनेजरशी बोला. डिप्स सकाळीच वाटून ठेवलेले असतात, रात्री त्यातून लसूण काढता येत नाही. हमस, हायदारी, मुतब्बल सगळ्यांत लसूण असतो. एझमे आणि तबुलेत कांदा असतो, फलाफलमध्ये दोन्ही. आदल्या दिवशी सांगितलेलं असेल तर दोन वाट्या हमस लसणाशिवाय वेगळा काढून ठेवणं स्वयंपाकघराला सहज जमतं.

आणि चातुर्मासात कांद्याबरोबर वांगंही सोडलं असेल तर बाबा गनूश, मुतब्बल, मुसक्का, इमाम बायल्दी सगळं बाद. हे आधी विचारून घ्या, कारण अशा मेन्यूतला निम्मा शाकाहार वांग्यावर उभा असतो.

नणंदेसाठी: लबने, वर ऑलिव्ह तेल आणि झातार (तीळ आणि सुक्या पाल्याचा मसाला). फेटा-कलिंगड किंवा काकडी-टोमॅटोचं सॅलड, कांद्याशिवाय. पालक-चीजचं गोझलेमे (सारण भरलेली पातळ रोटी), सारणात कांदा परततात, म्हणून हेही आदल्या दिवशीच सांगायचं. चीजचं पिडे (भट्टीत भाजलेली, होडीच्या आकाराची रोटी).

सासूबाईंसाठी धोके वेगळे आहेत आणि मेन्यूवरच्या हिरव्या ठिपक्यापलीकडे विचारावे लागतात:

मसूर डाळीचं सूप (मर्जिमेक) दिसायला शाकाहारी, पण चिकन किंवा मटणाच्या स्टॉकमध्ये शिजवण्याची पद्धत आहे. पिलावाचंही तेच. "पाण्यात शिजवता की स्टॉकमध्ये?" असं नेमकं विचारा. नुसतं "व्हेज आहे ना?" विचारलं तर उत्तर हो असंच येतं.

पिडे भट्टीत जाण्याआधी कडेला अंड्याचा बलक लावतात, चकाकी यावी म्हणून. "अंडं न लावता, दूध किंवा बटर लावून" असं सांगा.

डोल्मा (द्राक्षाच्या पानात सारण भरून केलेला) दोन तऱ्हांचा. गरम येतो त्यात बहुधा खिमा असतो. ऑलिव्ह तेलातला, भात-बेदाणे-चिलगोज्याचा थंड येतो, तो शाकाहारी. पण त्यात कांदा भरपूर, म्हणजे सासूबाईंना चालेल, नणंदेला नाही.

फलाफल आणि चिकन एकाच कढईत तळतात का? हाही प्रश्न विचारा. फेटा आणि हलुमीत प्राणिज रेनेट (दूध साकळायला घालतात ते, जनावराच्या पोटातून काढलेलं) असू शकतं. त्याबाबत सासूबाई काटेकोर असतील तर चीजच्या डब्यावरचं लेबल दाखवायला सांगा.

कोळशावरचा
ग्रिलबद्दल.

अदाना कबाब मूळचा मेंढीच्या मांसाचा. त्यात शेपटीची चरबी मिसळतात आणि खिमा झिर्ह नावाच्या वाकड्या मोठ्या सुरीने हाताने करतात. चरबी निखाऱ्यावर वितळते, म्हणून मांस रसरशीत राहतं. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, आणि त्यात चरबी कमी. बोकडाच्या मांसाचा अदाना चरबी न घालता केला तर कोरडा आणि भुसभुशीत होतो, सळईवरून तुटून पडतो. उलट यंत्रातून फार बारीक काढलेला खिमा रबरासारखा दाटतो. ऑर्डर देण्याआधी दोन प्रश्न: मेंढीचं की बोकडाचं? चरबी घालता का? दुसऱ्याचं उत्तर नाही असं आलं तर अदाना सोडा आणि तुकड्यांचा शिश घ्या.

मुलांसाठी अदानाऐवजी उर्फा. घडण तीच, तिखट कमी. शिश तावूक (दही-लिंबातलं चिकन) मुलांना आवडतं, पण तंगडीच्या वरच्या मांसाचं आहे का विचारा. छातीचं मांस निखाऱ्यावर दोन मिनिटं जास्त राहिलं तरी चोथा होतो.

दोनेर आणि इस्केंदर गर्दीच्या वेळीच घ्या, रविवारी साधारण साडेआठ ते साडेनऊ. उभी सळई फिरत असते, बाहेरचा थर भाजला की तो कापायचा आणि आतला थर आचेसमोर येतो. गिऱ्हाईक कमी असेल तर बाहेरचा थर कापला जात नाही, वाळत राहतो. नाहीतर कापलेलं मांस ट्रेमध्ये साठवतात आणि तव्यावर गरम करून देतात. सळई जागेवरून दिसत असेल तर बघूनच ठरवा. इस्केंदर ही बुर्सा शहराची डिश: खाली पिडेचे तुकडे, वर दोनेर, टोमॅटोचा सॉस, कडकडीत बटर, बाजूला दही. आली की लगेच खायची. गप्पांत दहा मिनिटं गेली तर खालच्या ब्रेडचा लगदा होतो.

प्रमाण: तुम्ही चार मांसाहारी, त्यात दोन मुलं. मेझेनंतर मध्यम मिक्स्ड ग्रिल एक आणि इस्केंदर एक, बस. पिलाव एकच, तोही पाण्यात शिजवलेला असेल तर सगळ्यांना चालेल.

मखमलाबादचा_बागायतदार
डोल्म्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. नाशिकमध्ये द्राक्षाची पानं फुकट मिळतात, मग घरीच करू, असं बरेच जण म्हणतात. कृपा करून बागेतली पानं तोडून खाऊ नका. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी वेलींवर सतत फवारण्या होतात. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस) ठरवलेला असतो तो घडासाठी, पानासाठी नाही. कोवळं पान औषध थेट अंगावर घेतं आणि धुऊन ते सगळं जात नाही, कारण काही औषधं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारी असतात. रेस्टॉरंटमध्येही विचारा की पान बरणीतलं, मिठाच्या पाण्यातलं आहे का. स्थानिक ताजं पान वापरत असतील तर ते फवारणी नसलेल्या वेलीचं आहे याची खात्री करून घ्या.

कॅनडाकॉर्नरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेने वांगंही सोडलंय, ते आत्ताच विचारून घेतलं. गोड आणि कॉफीचं काय करावं? आणि बिलात काही बघायचं असतं का?

रोटीआधीमेझे
कुनेफे ग्रिल संपत आल्यावरच सांगा, तयार व्हायला १५ ते २० मिनिटं लागतात. बारीक शेवयांच्या दोन थरांत बिनमिठाचं चीज, वर पाक. दोन कुनेफे सहा जणांना पुरतात. गरम असतानाच संपवा, गार झालं की चीज घट्ट होऊन रबरासारखं लागतं. चीज खारट लागलं तर ते मिठाच्या पाण्यातून काढून नीट भिजवलेलं नाही. बकलावा घ्यायचा तर पिस्त्याचा घ्या. काट्याने दाबल्यावर वरचे पदर कुरकुरले पाहिजेत. पाक तळाशी साचून खालचा थर ओला झाला असेल तर तो जुना. पदराच्या पिठात अंडं आहे का, हे सासूबाईंसाठी विचारायचं.

तुर्की कॉफीत साखर ऑर्डर देतानाच सांगावी लागते (बिनसाखर, मध्यम की गोड), कारण ती जेझवेत (दांड्याच्या लहान भांड्यात) कॉफीच्या पुडीबरोबरच उकळते. कप आल्यावर ढवळू नका. दोन मिनिटं गाळ बसू द्या, शेवटचा पाव इंच सोडून द्या. सोबतचं पाणी आधी प्यायचं असतं. मुलांना आयरान मागवा, ते आपल्या ताकासारखं पण घट्ट आणि नुसतं खारं, जिरं-आलं नाही. वाइन घेणार असाल तर मेझेबरोबर आपल्या दिंडोरी-गंगापूरकडची कोरडी शेनाँ ब्लाँ किंवा सॉव्हिन्यों ब्लाँ लिंबू-ताहिनीला छान जुळते. अदानाबरोबर शिराझ.

शाकाहारी_पंचवटी
बिल: साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के, अडीच आणि अडीच असा दोन ओळींत दिसतो. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट वेगळा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

उरलेलं बांधून आणताना: हमस फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला राहतो, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचा. फलाफल दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात परत कुरकुरीत होतं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. बकलावा फ्रीजबाहेर झाकून ठेवा. तबुले आणि कुनेफे मात्र बांधू नका, तिथेच संपवा.