मदत हवी आहे : नांदूर मध्यमेश्वर ते कोपरगाव, कालव्याच्या रस्त्याने ग्रॅव्हल सायकल

सुटे_स्पोक

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून दोघं येतोय. पहिल्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीभोवतीची गावं, दुसऱ्या दिवशी गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या कडेने कोपरगाव आणि तिथून रेल्वेने परत. डांबर शक्य तितकं टाळायचं आहे.

सायकली : ३८ मिमी टायर, आत ट्यूब, प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह. वजन ७५ आणि ८२ किलो, सामान प्रत्येकी ५-६ किलो.

१. कालव्याचा रस्ता सलग आहे का? नकाशावर तर दिसतो.
२. हवा किती ठेवावी? ट्यूबलेस (आत ट्यूब न घालता) करून घ्यावं का?
३. पाऊस नसताना चिखलाची भीती कितपत?

पाटकरी

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

या भागात रस्ता निवडायचा तो माती बघून. कालव्याच्या भरावावरचा मुरूम एक गोष्ट आणि शिवारातली काळी माती वेगळीच. उपग्रह नकाशा मोठा करून बघा. तांबूस-पिवळी पट्टी दिसली तर मुरूम, करडी-काळी दिसली तर गाडीवाट. कोरड्यात दोन्ही चालतात. काळी ओली झाली की वीस-तीस मीटरमध्ये फोर्क आणि टायरमधली फट भरते आणि चाक फिरायचं थांबतं.

पाऊस नसतानाही ती ओली असते. शेतीची वीज पाळीने येते, पुष्कळदा रात्री. रात्रभर कांद्याला, गव्हाला पाणी भरलं जातं, सरी फुटली की ते पाणंदीत उतरतं. सकाळी आठला वरून सुकलेली साय दिसते, खाली लोणी. मूठभर माती उचलून दाबा. तळहाताला चिकटून राहिली तर मागे फिरा, पुढे सुकी असेल या आशेवर जाऊ नका.

दुसरं कारण आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी. रब्बीचं पाणी साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतं. तारीख दरवर्षी वेगळी, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते आणि स्थानिक पेपरात येते. कालवा शंभरी उलटलेला आहे, भरावातून पाझर होतो. पाणी चालू असलं की उताराच्या बाजूचा रस्ता जागोजागी ओला होतो आणि चारीच्या (कालव्यातून फुटणाऱ्या पाटाच्या) तोंडापाशी हमखास डबकं. निघण्याआधी तारीख बघाच.

आता पहिला प्रश्न. सलग नाही. निगराणीचा रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच काठाने आहे आणि मध्येच काठ बदलतो. मोठा ओढा आला की कालवा जलसेतूवरून (पाणी वाहून नेणाऱ्या पुलावरून) जातो, रस्ता मात्र खाली ओढ्यात उतरतो किंवा तिथेच संपतो. जलसेतूच्या भिंतीवरून सायकल खांद्यावर घेऊन जाणारे असतात, तुम्ही जाऊ नका. अलीकडचा गावरस्ता धरून वळसा घ्या, फार तर दोन-तीन किमी वाढतात. म्हणून घरूनच प्रत्येक जलसेतू आणि प्रत्येक पूल नकाशावर खूण करून ठेवा. पूल नसलेल्या बाजूला अडकलात तर पुढचा पूल मिळेपर्यंत पलीकडे जाता येत नाही.

आणि कालवा जमिनीच्या उंचीची समान रेषा धरून चालतो, म्हणून वळणं फार. गावरस्त्यापेक्षा अंतर बरंच वाढतं. चढ नाही म्हणून सरासरी वेग जास्त धरू नका, मुरमावर सामानासह ताशी १४-१५ धरा.

बाभूळबन

टायरबद्दल. ट्यूबलेस कराच, इथे तो चैनीचा भाग नाही. कालव्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे, छाटलेल्या फांद्या रस्त्यावरच पडलेल्या असतात. शिवाय सराटे. सराटा दिसायला बारीक, पण एका वेळी चार-पाच चिकटतात.

सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) प्रत्येक चाकात ९० मिली घाला. पाकिटावर ३८ ला ६० लिहिलेलं असतं, ते कमी काट्यांच्या मुलखासाठी. आपल्याकडच्या उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा उन्हाळ्यात भरलेलं असेल तर आता पुन्हा भरा. सराटे दिसल्या दिसल्या काढा, बारीक भोक लगेच बुजतं. बाभळीचा जाड काटा मात्र वाटेत उपटू नका. तो स्वतःच बुच असतो. मोडला आणि हवा टिकली तर मुक्कामाला पोचून बघा.

हवा : ७५ किलोला पुढे ३२, मागे ३५ पीएसआय. ८२ ला दोन्हीकडे दोन-दोन वाढवा. ट्यूबच ठेवली तर पुढे ४०, मागे ४४, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतील.

ट्यूबवाल्यांची नेहमीची चूक : पॅच लावला, ट्यूब घातली, दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली. काट्याचं टोक टायरच्या आतल्या कापडात राहिलेलं असतं आणि बोटाला जाणवत नाही. सुती फडकं आतून गोल फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. नखं कापायच्या चिमट्याने बाहेर ओढा.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचाच पंप असतो. प्रेस्टाचं पितळी अडॅप्टर प्रत्येकाने एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, पिशवीत हरवतं.

पाटकरी

हवेचं पटतं, पण पहिल्या दिवशी कमी करा. पाणथळीभोवतीचे गावरस्ते उखडलेल्या खडीचे आहेत, ३२ वर हात भरून येतात. ट्यूबलेस असेल तर २८-३१ पुरे.

बाभूळबन

८२ किलो आणि सामान घेऊन २८ वर रिम आपटेल. त्यांनी तरी खाली जाऊ नये.

चारी_क्र_७

सुटलेल्या काही गोष्टी.

डिसेंबर म्हणजे ऊसतोड जोरात. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर चटकन थांबत नाही आणि त्याला मागचं ऐकू येत नाही. समोरून आला तर शेताच्या बाजूला उतरा, कालव्याच्या बाजूला नाही. रस्त्यावर पाचट पसरलेलं असेल तर खाली खोल चाकोरी असते, तिथे पुढचा ब्रेक दाबू नका.

द्राक्षबागेच्या कडेला मांडवाच्या ताणाच्या तारा तिरप्या जमिनीत गाडलेल्या असतात, बऱ्याचदा अगदी रस्त्याला लागून. बाग डावीकडे असेल तर उजवी चाकोरी धरा. पहाटे ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर ट्रॅक्टर पुढच्या ओळीत जाईपर्यंत थांबा.

चिखल लागलाच तर जोर लावून पेडल मारू नका. गिअरच्या पिंजऱ्यात माती-गवत गुंडाळून हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो आणि तो तुमच्याच फ्रेमचा लागतो, नाशिकच्या दुकानातही मिळेल असं नाही. एक जादा हँगर आणि तुमच्या साखळीच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) सोबत ठेवा. माती उकरायला प्लॅस्टिकचा उलथना झकास. ढकलत नेली तरी चाक माती गोळा करतंच, उचलून गवतावरून न्या.

सायकल धुवायला किंवा पाय बुडवायला कालव्यात उतरू नका. अस्तराचा उतार शेवाळलेला असतो, पाणी चालू असताना घसरलेला माणूस वर येत नाही.

सुटे_स्पोक

आभार. ट्यूबलेस करतो. कोणत्या बाजूने पाणथळ बघावी? आणि सकाळी किती वाजता निघावं?

चारी_क्र_७

खानगाव थडीला मनोरे आहेत, पक्षी बघायला तीच बाजू. चापडगाव-मांजरगाव पलीकडची, तिथे गर्दी कमी. अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), तेव्हा गवताळ काठावर सायकल घालायची नाही. फाटकाशी लावा आणि चालत जा. काठावर माणूस दिसला की वारकरी आणि हळदीकुंकू बदकं अख्खा थवा उठवतात, मग मनोऱ्यावरच्या सगळ्यांचा दिवस वाया.

निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका, पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि नदीकाठी धुकं. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. पहिल्या दिवशी पक्ष्यांसाठी उजाडतानाच मनोऱ्यावर असा, सायकल नऊनंतर.

दुसऱ्या दिवशी उलटं. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून, ऊन चढलं की जोर धरतो आणि तुम्हाला जायचंय पूर्वेलाच. भरावावर आडोसा नाही. साडेसहाला दिवा लावून निघा, म्हणजे दहाच्या आत निम्मं अंतर मागे पडेल. पाणी प्रत्येकी तीन लिटर, कालव्याच्या कडेला टपरी नसते, चहासाठी गावात उतरावं लागतं.

कोपरगाव तालुक्यात समृद्धी महामार्ग आडवा येतो. त्यावर मोटरसायकललाही बंदी आहे, भुयारी मार्ग आधीच हेरून ठेवा. स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर, गावाबाहेर आहे. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची तर पार्सलचं काम गाडीच्या वेळेच्या बरंच आधी करावं लागतं आणि सगळ्याच गाड्यांना तिथे पुरेसा थांबा नाही. गाडी ठरवण्याआधी पार्सल ऑफिसात फोन करून विचारा.

पाटकरी

आवर्तन सुटलेलं असेल तर जलसेतूंच्या आसपासचा टप्पा सोडून गावरस्त्याने जा. कालव्यावर पाटकरी (पाणी सोडणारे कर्मचारी) भेटले तर पुढचा काठ कोणता चालू आहे तेही विचारून घ्या, नकाशापेक्षा त्यांना ताजं माहीत असतं.